साका बसेपर्यंत

बाथरूममधल्या बाटलीतलं खोबरेल गोठलं, की आमच्या घरात थंडी आली असं धरतात. वर्तमानपत्रातला पारा काहीही म्हणो. परवा सकाळी मी बाटली उलटी केली, दाबली, तळहातावर थेंबही पडला नाही. मंजिरीने ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवली. तेल आधी काठाने वितळतं आणि मधला पांढरा गोळा बराच वेळ तसाच तरंगत राहतो. चहा पिता पिता मी त्याच्याकडे बघत बसलो. कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीत सकाळचं ऊन त्या एकाच खिडकीत येतं. थंडीच्या दिवसांत घरातली माणसं, लोणच्याच्या बरण्या आणि न वाळलेले मोजे सगळे तिथेच गर्दी करतात.

थंडी सगळ्यांशी सारखी वागत नाही. तेलाला ती गढूळ करते. गेल्या हिवाळ्यात आमच्या फ्रिजमध्ये जे ठेवलेलं होतं, त्याला तिने नितळ केलं. फ्रिजचं दार उघडताना मला अजूनही त्याची आठवण होते. खालचा कप्पा आता पुन्हा जागेवर बसवला आहे, त्यात कोथिंबीर आणि दह्याचं भांडं आहे, तरी माझी नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

तिथे मी घरी केलेलं मद्य होतं. मधात पाणी मिसळायचं, यीस्ट घालायचं आणि महिनोन्‌महिने वाट बघायची. इंग्रजीत त्याला मीड म्हणतात. परवान्याशिवाय घरी असं काही करणं कायद्यात बसत नाही, हे मला माहीत होतं. तरीही केलं. कंपनीतल्या एका सहकाऱ्याने सगळी कृती समजावून सांगितली होती. जांभळीचा काळपट मध घाटावरून आणला आणि प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानातून काचेचा मोठा, सपाट बुडाचा, अरुंद मानेचा चंबू आणला. मी पंपाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजत आलो. हा भाग पास, हा परत पाठवा. स्वतः एखादी गोष्ट सुरू करून ती तयार होताना बघावी, असं पन्नाशीनंतर कधीतरी वाटायला लागलं. मंजिरी त्याला ‘तुमचं रसायन’ म्हणायची. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे त्या शब्दात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला नीट कळायचं.

पावसाळाभर तो चंबू कपाटात बुडबुडत होता. रात्री घर शांत झालं की ऐकू यायचा. दिवाळीच्या सुमारास बुडबुडे थांबले. आता आतलं यीस्ट खाली बसायला हवं होतं. पाणी गढूळ असलं तर आपण तुरटी फिरवतो. इथे थंडी तेच काम करते. चंबू गार जागेत हलवाहलव न करता ठेवायचा, मग तरंगणारं सगळं तळाशी जातं आणि बुडाशी मळकट पिवळा साका बसतो. तो घट्ट बसला, की नळी लावून वरची निवळ दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची. साका हलता कामा नये. घाई केली की चव बिघडते, असं सहकाऱ्याने बजावलं होतं.

त्याच सुमारास अभय आमच्याकडे राहायला आला.

अभय मंजिरीचा धाकटा भाऊ. अकोल्याला होता. दारूपायी नोकरी गेली, मग बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला आणि बरा होऊन बाहेर पडला. ‘बरा होऊन’ हा माझा शब्द, तो स्वतः तसं म्हणत नाही. बायकोने निरोप पाठवला होता, वर्षभर नीट राहा, मग बघू. ते वर्ष पुण्यात काढायचं, काम शोधायचं, तोवर ताईकडे राहायचं, असं ठरलं. केंद्रातल्या डॉक्टरांनी मंजिरीला एकच गोष्ट विचारली आणि तिने ती फोनवर मला विचारली.

“अहो, घरात काही नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

मी खोटं बोलतो आहे असं मला त्या क्षणी वाटलं नव्हतं. माझ्या डोक्यात ‘काही’ म्हणजे कपाटात लपवलेली बाटली. चंबूत होता तो मध, अजून पुरा न झालेला. माणूस स्वतःशी किती बारीक भेद करू शकतो, याचं मला पुढे नवल वाटलं. संध्याकाळी मंजिरीच्या लक्षात आलं, तेव्हा ती चंबूसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“हे ओतून टाका.”

“साका बसला की लगेच काढतो. बाटल्या भरून ऑफिसात देऊन टाकीन. थोडे दिवस.”

“थोडे दिवस,” ती म्हणाली. “तोही हेच म्हणायचा.”

पण तिने ओतून टाकलं नाही, आणि मीही नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिला वाटलं असावं की मी स्वतःहून टाकीन. मला वाटलं, तिला खरंच नको असतं तर तिने टाकलं असतं. अशा रीतीने आम्ही दोघांनी ते एकमेकांवर सोपवलं आणि चंबू फ्रिजमध्ये गेला.

अभयने पहिल्याच सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला आणि तिथूनच हाक मारली, “ताई, इथं कोणाचं तरी आंबलंय बाप्पा.”

“यांचा छंद आहे,” मंजिरी पोळी लाटता लाटता म्हणाली. “माणसं या वयात भजनाला जातात.”

अभय हसला. दूध घेऊन त्याने दार लावलं. मी दाढी करत होतो, साबण तसाच ठेवून बाहेर आलो. म्हणालो, “अभय, तुला चालत नसेल तर आत्ता ओततो.”

“राहू द्या, भाऊजी. रस्त्यावर पावलोपावली दुकानं आहेत, ती काय माझ्यासाठी बंद करणार?”

मी ते ऐकून मोकळा झालो. त्याने मला परवानगी दिली, असं मी धरलं. ती त्याने द्यायची नव्हतीच, हे कळायला वेळ लागला.

त्याच्या येण्याने घरातलं वातावरण बदललं. तो पहाटे उठायचा, सगळ्यांच्या आधी. थंडीत नळाला येणारं गार पाणी तोंडावर मारायचा, त्याचा आवाज झोपेत ऐकू यायचा. मग चहा करायचा, आल्याचा, फार गोड. केंद्रातल्या माणसांना गोड लागतं, असं तो सांगायचा. दुपारी एकटा असायचा. संध्याकाळी मी येईपर्यंत त्याने गळका नळ दुरुस्त केलेला असायचा, नाहीतर पंख्यांची पाती पुसलेली असायची. आठवड्यातून दोनदा तो दारू सोडलेल्यांच्या गटाच्या बैठकीला जायचा. येताना मंडईतून मटार, हरभऱ्याची जुडी, काहीतरी आणायचा. एकदा हातात ओला हरभरा सोलत तो फ्रिजसमोर उकिडवा बसला आणि चंबूकडे बघत म्हणाला, “निवळतंय की हो. हे खाली बसलेले मेले का?”

“यीस्ट? नाही. थंडीने निपचित पडलेत. ऊब आणि साखर मिळाली की पुन्हा उठतील.”

“म्हणजे आमच्यासारखंच,” तो म्हणाला आणि एक दाणा तोंडात टाकला.

मी फ्रिजचं दार लावलं.

मग मार्गशीर्ष लागला. मंजिरी महालक्ष्मीचे गुरुवार करते. तिची आई करायची, म्हणून ती करते. विज्ञान शिकवण्याच्या आड ते कधी आलं नाही. कलश मांडायचा, फळं, फुलं, खिरीचं दूध, सगळं बुधवारपासून फ्रिजमध्ये. देवीच्या नैवेद्याशेजारी दारू चालणार नव्हती.

“बुधवारी संध्याकाळी तुमचं चंबूगबाळं उचलायचं,” तिने सांगून टाकलं. “शुक्रवारी परत ठेवा.”

कुठे उचलायचं? स्वयंपाकघरात नको, हॉलमध्ये कलश. राहिली मागची बाल्कनी. तिचं दार धाकट्या खोलीत उघडतं, आणि त्या खोलीत अभय झोपायचा. मी चंबू दोन्ही हातांनी, साका न हलवता, एखाद्या झोपलेल्या बाळासारखा त्याच्या पलंगाशेजारून नेला आणि बाल्कनीत जुन्या पंच्याने झाकून ठेवला. अभयने माझ्यासाठी दार धरलं होतं. देवीजवळ ठेवायचा नाही म्हणून आम्ही तो अभयजवळ ठेवला. हे वाक्य आज लिहिताना मला जसं दिसतं, तसं त्या दिवशी आम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नाही. निदान कोणी तसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मात्र माझं मन जागेवर नव्हतं. बाल्कनी, पंचा, दिवसभर आम्ही दोघंही बाहेर. संध्याकाळी आलो तो थेट मागे गेलो. चंबूवर साक्याची उंची कळावी म्हणून मी आधीच एक पिवळी चिकटपट्टी लावलेली होती. त्या दिवशी खिशातून तोच पट्टीचा गुंडाळा काढला आणि वर, मानेत, जिथे द्रव पोचत होता तिथे दुसरी पट्टी लावली. कारखान्यात आम्ही ज्या भागाबद्दल शंका असते त्याच्यावर अशीच खूण करतो. मी स्वतःला सांगितलं, वरची पातळीही माहीत असलेली बरी. पट्टी अंगठ्याने नीट दाबून बसवली.

शुक्रवारी सकाळी चंबू फ्रिजमध्ये परत गेला. शनिवारी मला सुट्टी. उशिरा उठलो, फ्रिज उघडला. खालची पट्टी साक्याच्या जरा वर होती, म्हणजे साका दबला होता, चांगलं होतं. वरच्या पट्टीच्या खाली मात्र दोन बोटं रिकामी मान होती.

दार उघडं ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. फ्रिज गुरगुरायला लागला तेव्हा भानावर आलो. मंजिरी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसली होती. अभय खोलीत होता, रेडिओ चालू होता. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि हलक्या आवाजात सांगितलं. तिचा हात शेंगेवरच थांबला.

“नक्की?”

“खूण केली होती.”

“कधी?”

“गुरुवारी.”

तिने मला नीट बघून घेतलं. मग मटाराचं ताट बाजूला सारून हाक मारली, “अभय, जरा बाहेर ये.”

तो आला. तिने सरळ विचारलं. ती वर्गात मुलांना विचारते तसं, आवाज न चढवता. “फ्रिजमधलं घेतलंस?”

अभयने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो स्वयंपाकघरात गेला. आम्ही मागोमाग गेलो. त्याने फ्रिज उघडला, वाकला, आणि बराच वेळ चंबूकडे बघत राहिला.

“भाऊजी,” तो तसाच वाकून म्हणाला, “खालची पट्टी साक्याची, ते समजलं. ही वरची काऊन?”

मंजिरीने वरची पट्टी तोवर पाहिलेली नव्हती. तिने आता पाहिली.

अभय सरळ झाला. “ताई, वास घे,” म्हणाला आणि बहिणीसमोर तोंड उघडून उभा राहिला, डॉक्टरासमोर उभं राहतात तसा. चाळिशी ओलांडलेला माणूस. मंजिरीने मान फिरवली. तिने वास का घेतला नाही, हे तिने मला पुढे सांगितलं. आला असता तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. नसता आला, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्या क्षणी मात्र अभयला दिसली ती फक्त फिरवलेली मान.

त्याने सामान भरलं. फार नव्हतंच. कात्रजला त्यांच्या गटातला एक जण राहतो, त्याच्या शेजारी खोली रिकामी आहे, म्हणाला. मंजिरी म्हणाली, “जेवून जा.” तो म्हणाला, “नको, ताई.” दारात चपला घालताना त्याने मला नमस्कार केला, नेहमीसारखा वाकून. त्याने तो केला नसता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरचे दिवस मला थंडीमुळे आठवतात. त्या आठवड्यात हवा एकदम उतरली होती. सकाळी रस्त्यावर शेकोट्या, स्वेटरातली मुलं, कारखान्याच्या बसच्या काचांवर धुकं. मंजिरी शाळेत जायची, यायची, आम्ही जेवायचो. अभयचा फोन बंद होता. आपल्या घरी पुन्हा पिऊ लागला, असं एकदा मनाशी ठरल्यावर बाकीची भीती आपोआप मागे आली. आता तो कुठे असेल, थांबला असेल की वाहून गेला असेल. माझ्या मनात दुसरीही एक गोष्ट होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. मला थोडंसं बरं वाटत होतं. घरात मद्य ठेवलं ही माझी चूक होती, पण प्यायला तो होता. पारडं त्याच्याकडे झुकलं होतं.

बुधवारी मी सवयीने चंबू उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला. आता खोली रिकामी होती. गुरुवारी संध्याकाळी घरी आलो, तेव्हा हॉलमध्ये शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या. मी मागच्या खोलीत जाऊन कपडे बदलले. दुपारभर उन्हाने तापलेली बाल्कनीची फरशी अजून कोमट होती. सहज पंचा उचलला.

द्रव वरच्या पट्टीला टेकला होता.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. दोन बोटं भरून आली होती. कोणी काही ओतलं नव्हतं, कोणी काही काढलं नव्हतं. मी चंबूला हात लावला. तो कोमट होता.

गरम वस्तू मोजायची नाही, हा आमच्या विभागातला पहिला धडा. नव्या मुलांना मीच तो देतो. भट्टीतून आलेला भाग खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मगच माप घ्यायचं, कारण उष्णतेने वस्तू फुगते आणि थंडीने आखडते. लोखंड जेवढं आखडतं, त्याहून द्रव जास्त आखडतो. चंबूच्या पोटात ते कळत नाही, पण अरुंद मानेत तेवढंच दोन बोटांचं दिसतं. मी गुरुवारी उन्हात तापलेल्या चंबूवर खूण केली आणि शनिवारी गारठलेल्या चंबूवर ती वाचली. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही चूक मी एकदाही केली नव्हती. माणसाच्या बाबतीत केली.

हॉलमध्ये बायका हसत होत्या. कोणाच्या तरी सुनेचं काही चाललं होतं. मला ताबडतोब मंजिरीला सांगायचं होतं आणि त्यांच्या मधून जाता येत नव्हतं. मी रिकाम्या पलंगावर बसून राहिलो. ओटी, केळं, ‘येते हं’, ‘बसा ना अजून’, चपलांची शोधाशोध. शेवटची बाई गेली तेव्हा मी मंजिरीला हात धरून बाल्कनीत आणलं आणि दाखवलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. सातवीच्या पुस्तकात आहे ते.

ती कठड्याला टेकली. तिच्या कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू नाकावर सांडलं होतं. म्हणाली, “पट्टीचं तुम्ही जाऊन सांगा. वासाचं मी सांगीन.”

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी कात्रजला गेलो. गटातल्या त्या माणसाचा पत्ता मंजिरीने केंद्रातून मिळवला होता. अभयची खोली एका गॅरेजच्या वर होती. खाली दुधाच्या गाड्यांची ये-जा चाललेली. त्याने दार उघडलं. दाढी केलेली होती, हे माझ्या नजरेने आधी टिपलं. टिपलं, याची लगेच लाज वाटली. आत एक चटई, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवलेली बॅग. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऊन, फरशी, आखडणं, मान. हातांनी चंबूचा आकारसुद्धा करून दाखवला.

अभयने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “म्हणजे थंडी वाजली दारूला, अन्‌ पकडलं मला.”

आणि हसला. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. मग दोघंही थांबलो.

“त्या दिवशी खाली उतरलो ना,” तो म्हणाला, “तेव्हा वाटलं, नाव लागलंच आहे, तर पिऊनच घ्यावी. इथवर येईस्तोवर तेच डोक्यात होतं.”

मी भिंतीला टेकवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

“विचारा ना, भाऊजी.”

“काय?”

“जे विचारायला आलात ते. पट्टीला विचारलं, ताईकरवी विचारलं. मला कुठं विचारलं तुम्ही?”

मी विचारलं, “प्यायलास का?”

“नाही.”

एवढंच. त्या शब्दाला धरून बघायला कुठली खूण नव्हती. तो घ्यायचा किंवा नाही घ्यायचा. मी घेतला. त्याने स्टोव्ह पेटवून चहा ठेवला, फार गोड. निघताना म्हणाला, “डॉक्टर म्हणतात, रोज कोणीतरी विचारणारं पाहिजे. ताई रडते. तुम्ही विचारत जा.”

त्या रविवारी मंजिरी कात्रजला गेली. ती एकटीच गेली आणि आल्यावर मला काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात मी निवळ काढली. साका खाली घट्ट बसला होता, वरचं सोनेरी झालं होतं, काचेतून पलीकडच्या भिंतीवरची टाइल स्वच्छ दिसत होती. शेवटी हात हलला आणि थोडा साका नळीत आलाच. बाटल्या सहकाऱ्याला दिल्या. त्याने सोमवारी सांगितलं, “बरी झालीय. जरा आंबट.” मी चाखली नाही. याला प्रायश्चित्त वगैरे म्हणण्याची माझी तयारी नाही. इच्छा झाली नाही, एवढंच.

अभय आमच्याकडे परत राहायला आला नाही. कात्रजलाच दुधाच्या गाड्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं, हात चांगला आहे त्याचा. सणावाराला येतो, जेवतो, पंखे पुसले नाहीत म्हणून ताईला बोलतो. बायको अजून आलेली नाही. वर्ष सरलं, मग ती म्हणाली, अजून थोडं. फोनवर बोलते. मुलगी उन्हाळ्यात चार दिवस राहून गेली.

मी रोज संध्याकाळी सातच्या सुमारास त्याला फोन करतो. पहिले काही दिवस फार अवघड गेलं. आधी हवापाण्याचं बोलायचो, जेवणाचं, मग चाचरत मुद्द्यावर यायचो. तोच म्हणाला, “भाऊजी, पाल्हाळ कशाला?” तेव्हापासून तो फोन उचलतो, मी विचारतो, तो ‘नाही’ म्हणतो, आणि मग आम्ही बोलायचं असलं तर बोलतो, नसलं तर ठेवतो. बसमध्ये असतानाही मी विचारलं आहे. शेजारचा माणूस चमकून बघतो. लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून विचारलं आहे. त्या प्रश्नाची मला लाज वाटेनाशी झाली, आणि त्या उत्तराची त्यालाही. कधी तो ‘नाही’ कंटाळून म्हणतो, कधी गाडीखालून ओरडून, कधी तोंडात घास असताना. त्याच्या आवाजावरून काही ताडायचा प्रयत्न मी सोडला आहे. तो सोडायला बराच काळ लागला. सवयच तशी.

यंदाही मार्गशीर्ष सुरू आहे. मंजिरीने फ्रिज पुसून घेतला आहे, फळं आली आहेत. काल संध्याकाळी ती कलशासाठी आंब्याचे डहाळे निवडत बसली होती. मी नेहमीच्या वेळी फोन लावला.

“प्यायलास का?”

मागे एखादी गाडी चालू असल्याचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. मंजिरीने हातातला डहाळा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

“पोरगी नाताळच्या सुट्टीत येणार होती ना,” तो म्हणाला. “नाही येत आता. दुपारी कळवलं.”

“बरं.”

“भाऊजी, आज विचारू नका. आज या.”

मी स्कूटर काढली. बिबवेवाडीच्या चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा हातमोजे घरीच राहिल्याचं लक्षात आलं. बोटं ब्रेकवर वाकेनात. बाजूला दारूच्या एका दुकानाच्या जाळीसमोर माणसांची रांग होती. मी त्या रांगेतले चेहरे बघत होतो, हे सिग्नल सुटल्यावर कळलं.

गॅरेजचं शटर अर्धं खाली आलेलं होतं. अभय जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, अंगात स्वेटर, खिशात पाकीट, पायात बूट घातलेले, नाडी बांधलेली. बाहेर जायला निघालेल्या माणसासारखा. मी स्कूटर लावली. त्याने सरकून जागा केली. मी त्याच्याशेजारी बसलो. पायरी बर्फासारखी गार होती.

मी विचारलं नाही. तोच म्हणाला, “अजून नाही.”

“बरं,” मी म्हणालो.

आम्ही तिथेच बसून राहिलो.